काळ्या कातळाच्या देशात बाणाचं टोक

जगातल्या मोठ्या संग्रहालयांत अश्मयुगाच्या दालनात दगडी बाणांची जी टोकं काचेमागे मांडलेली असतात, त्यांतली सर्वांत देखणी बहुधा ऑब्सिडियनची किंवा फ्लिंटची, म्हणजे चकमकीच्या दगडाची, असतात. दोन्ही बाजूंनी सारखी, पातळ, कडांना बारीक दाते, बुडाशी दोरा गुंडाळायला खाचा. पाहणारा थांबतो, वाकून बघतो. महाराष्ट्रातल्या अश्मयुगाची पेटी मात्र वेगळी दिसते. नखाएवढे, कधी नखाहूनही लहान तुकडे. काही चंद्रकोरीच्या आकाराचे, काही त्रिकोणी, काही नुसतीच अरुंद पाती. रंग दुधी, करडा, मधाळ, क्वचित गडद लाल. शेजारी काळपट, जाडजूड हातकुऱ्हाडी. त्यांच्या कडा काळाने झिजवलेल्या. बहुतेक लोक या पेटीवरून नजर फिरवून पुढे जातात. त्यांनी इथे थांबावं असं मला मनापासून वाटतं. दगडातून टोक काढणाऱ्याचं कसब जोखताना टोक किती सुंदर आहे हे पाहण्याआधी तो दगड कसा होता हे विचारलं पाहिजे. तेवढा एक प्रश्न विचारला, की त्या नखाएवढ्या तुकड्यांची किंमत एकदम वर जाते.

आधी सोप्या दगडाबद्दल. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीतून आलेली, स्फटिक बनायला वेळच न मिळालेली काच. तिच्यात कण नाहीत, थर नाहीत, कुठल्या एका दिशेला ती अधिक सहज फुटते असंही नाही. अशा दगडाच्या काठावर योग्य कोनात आघात केला, की बळ आघाताच्या बिंदूपासून शंकूच्या आकारात आत पसरतं आणि भेग दगडाच्या पृष्ठभागाखालून सरळ धावत जाते. निघणाऱ्या छिलक्याच्या माथ्याशी एक छोटा फुगवटा राहतो, त्याच्याभोवती शिंपल्यावर असतात तशा लाटा उमटतात. कारागिराला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. आघात जिथे बसणार ती कड घासून बळकट करायची. ती कड आणि छिलका जिथून निघणार तो पृष्ठभाग यांतला कोन नव्वद अंशांहून कमी ठेवायचा. आणि पृष्ठभागावर एखादा उंचवटा किंवा कणा असा तयार ठेवायचा की भेग त्याच्या आधाराने धावेल. सुरुवातीचे मोठे छिलके दगडी हातोड्याने काढायचे, मग हरणाच्या शिंगाच्या जाड दांड्याने, आणि शेवटी शिंगाचं टोक कडेवर टेकवून नुसत्या दाबाने, एकेक बारीक छिलका. ऑब्सिडियन आणि चांगला फ्लिंट या सगळ्याला साथ देतात.

आता आपला बसाल्ट घ्या. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भाग त्यांनी व्यापलेला आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग त्यातच येतो. दगडाला तोटा नाही. पाऊल ठेवावं तिथे दगड. पण बसाल्टमध्ये फेल्डस्पार आणि पायरोक्सीन या खनिजांचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. भेग आत शिरली की प्रत्येक स्फटिकाशी तिला वाट बदलावी लागते आणि तिचं बळ वाटेतच संपतं. छिलका अर्ध्यावर तुटतो, मागे पायरी राहते, आणि त्या पायरीच्या पुढचा भाग सपाट करणं जवळजवळ अशक्य होऊन बसतं. शिंगाच्या टोकाने दाब दिला तर निघतो तो बारीक चुरा. याच चिवटपणामुळे जातं, पाटा आणि वरवंटा पिढ्यान्‌पिढ्या टिकले. याच दगडात अजिंठा आणि वेरूळ कोरता आलं, कारण लोखंडी छिन्नी कण-कण चुरडत पुढे जाते. तिला लांब धावणारी भेग नकोच असते. छिलके काढणाऱ्याचं सगळं काम मात्र त्या भेगेवर अवलंबून.

तरीही माणसांनी या दगडात अवजारं घडवली, तीही फार प्राचीन काळी. नेवाशाजवळ प्रवरेच्या काठावर चिरकी इथे गुद्रून कोर्व्हिनस यांनी १९६०च्या दशकात उत्खनन केलं. तिथल्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या, म्हणजे रुंद धारेची अवजारं, मुख्यतः डोलेराइट आणि घट्ट बसाल्टच्या आहेत. डोलेराइट हा बसाल्टचाच भाऊबंद. लाव्हा भेगांमध्ये घुसून तिथेच थिजला की त्याची उभी भिंत तयार होते, तिला भूवैज्ञानिक डाइक म्हणतात. त्यात वायूच्या पोकळ्या नसतात, दगड एकजिनसी असतो. भोवताली मैलोन्‌मैल पसरलेल्या कातळात नेमका हा दगड ओळखून निवडणं, हेच मुळी अर्धं काम. आजचा पाथरवटही हातोडी वाजवून दगड पारखतो: सलग दगड खणखणीत वाजतो, आत भेग असलेला बद्द आवाज देतो. डोलेराइटच्या मोठ्या गोट्यातून आधी एक प्रचंड छिलका काढायचा आणि मग तो छिलकाच मोजक्या आघातांत घडवायचा, ही पद्धत या दगडाला जुळणारी होती. मोजक्या आघातांत, कारण इथे प्रत्येक फसलेला आघात दगडात कायमची अडचण करून ठेवतो. ज्यांना या फरश्या ओबडधोबड वाटतात त्यांनी एकदा डोलेराइटवर हातोडी मारून पाहावी.

देशात इतरत्रही असंच. चेन्नईजवळ अत्तिरम्पाक्कमला क्वार्टझाइट, कर्नाटकात हुणसगी खोऱ्यातल्या इसामपूरला चुनखडक. हातात जो दगड आला, त्याच्याशी जुळवून घेणारं तंत्र उभं राहिलं.

पण डोलेराइटमधून हातकुऱ्हाड निघते, बाणाचं टोक निघत नाही. त्यासाठी दख्खनच्या माणसाने बसाल्टच्याच पोटातला दुसरा दगड शोधला. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून झिरपणाऱ्या पाण्यातल्या सिलिकाने त्या भरल्या आणि कॅल्सेडनी, अकीक, जॅस्पर, क्वार्ट्झ तयार झाले. कातळ झिजला तसे हे गोटे सुटले आणि गोदावरी, प्रवरा, भीमा, तापीच्या वाळू-गोट्यांत जाऊन पडले. याच गारगोट्या. नेवाशाला ह. धी. सांकलिया यांना १९५०च्या दशकात मध्य पुराश्मयुगातली जी अवजारं मिळाली, ती अशाच चर्ट-जॅस्परच्या गोट्यांची. मोठ्या डोलेराइटकडून लहान, काचेच्या जवळ जाणाऱ्या दगडाकडे वळलेली ही नजर मला महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातली एक मोठी घटना वाटते. तिच्यामागे दगडाची परीक्षा आहे.

हा दगडही सोपा नाही. कॅल्सेडनी म्हणजे क्वार्ट्झच्या अतिसूक्ष्म तंतूंची वीण. तंतू आहेत म्हणून ती चिवट. प्रयोगशाळेत कठीण पदार्थ कुटायचा खल अकीकाचा करतात तो याच गुणामुळे. शिवाय गोटा लहान, बऱ्याचदा मुठीत मावेल इतका किंवा त्याहून लहान. बाहेर हिरवट किंवा मातकट साल. मध्यभागी पोकळी असली तर तिच्या भिंतींवर क्वार्ट्झचे स्फटिक. भेग तिथवर आली की विस्कटते. अकीकाचे पट्टे कुठे एकमेकांना घट्ट धरून, कुठे अलग होऊ पाहणारे. म्हणजे साल आणि पोकळी यांच्या मधला थोडा भाग काय तो कामाचा. एवढ्या गोट्यातून दोन्ही बाजूंनी घडवलेलं, बोटभर लांबीचं, खाचा असलेलं टोक काढायचं ठरवलं तर गोट्याचा बहुतेक भाग छिलक्यांतच संपेल.

म्हणून इथल्या कारागिराने वेगळा मार्ग घेतला. गोटा फोडून छोटा गाभा तयार करायचा. त्याच्या एका बाजूला आलटून-पालटून छोटे छिलके काढून सरळ कणा उभा करायचा. त्या कण्याच्या माथ्यावर नेमका दाब किंवा आघात दिला, की कण्याच्या वाटेने एक अरुंद पातं सुटतं. ते गेलं की त्याच्या दोन कडांच्या खुणा पुढच्या पात्यांसाठी कणे म्हणून उरतात, आणि मग एकामागून एक समांतर पाती निघत राहतात. अंगठ्याएवढ्या गाभ्यातून निघालेली, दोन-तीन सेंटिमीटर लांब, सेंटिमीटरभरही रुंदी नसलेली पाती. मग पात्याचे तुकडे करायचे आणि तुकड्याची एक कड बारीक छिलके काढून मुद्दाम बोथट करायची. धार शाबूत, पाठ बोथट: झाली चंद्रकोर. पाठ बोथट करायची ती डिंकाला धरायला जागा मिळावी म्हणून, आणि बाणाच्या काठीत बसवताना ती काठीच चिरू नये म्हणून.

ही चंद्रकोर म्हणजे अख्खं टोक नव्हे, टोकाचा एक भाग. एक काठीच्या अग्रावर, दोन पाठीला पाठ लावून, किंवा अग्रामागे ओळीने चार-पाच, काट्यांसारख्या. एखादी तुटली तर तेवढीच काढून दुसरी बसवायची, काठी तीच. इजिप्तच्या कोरड्या हवेत काठी, डिंक आणि बारीक दगडी तुकडे यांसकट टिकून राहिलेले बाण सापडले आहेत, त्यामुळे ही जोडणी डोळ्यांनी पाहता येते. आपल्याकडे लाकूड टिकलं नाही, पण चित्रं टिकली. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७मध्ये उजेडात आणलेल्या भीमबेटकाच्या गुहाचित्रांत धनुर्धारी आहेत, आणि काही बाणांना काटे रंगवलेले दिसतात. उत्तर प्रदेशात प्रतापगड जिल्ह्यातल्या सराय नहर राय इथे माणसाच्या सांगाड्याच्या बरगडीत रुतलेलं सूक्ष्मास्त्र, म्हणजे असाच घडवलेला चिमुकला दगडी तुकडा, मिळालं. गंगेच्या त्या गाळाच्या सपाटीवर दगड मिळत नाही; तो विंध्याच्या बाजूने आणावा लागे. दूरवरून आणलेल्या दगडातून जास्तीत जास्त धार काढायची तर सूक्ष्मास्त्रासारखी दुसरी काटकसर नाही.

हे तंत्र उशिराचं, दुय्यम, असं मानण्याची सवय सोडायला हवी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातल्या निमाड भागात मेहताखेडीला मिळालेल्या सूक्ष्म पात्यांचा काळ सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीपर्यंत मागे नेला; २०१३मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. चाळीसगावजवळच्या पाटण्याला एस. ए. साळी यांना अकीक-जॅस्परच्या अवजारांबरोबर नक्षी कोरलेलं शहामृगाच्या अंड्याचं कवच मिळालं, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचं. इकडे मुंबईत लेफ्टनंट कमांडर के. आर. यू. टॉड यांनी कांदिवली आणि साष्टीच्या किनारपट्टीवर सूक्ष्मास्त्रं गोळा केली आणि १९५०मध्ये त्यांवर लेख लिहिला. लोकल गाडीतून रोज ज्या जमिनीवरून लाखो लोक जातात, तिथे कुणीतरी गारगोटीतून बाणाचे काटे काढत बसलेलं होतं. आणि तांबं आल्यावरही हा हात थांबला नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला शेतकऱ्यांच्या घरांत कॅल्सेडनीची पाती मोठ्या प्रमाणात मिळतात. तांबं माहीत होतं, पण ते दुर्मिळ. रोजची धार गारगोटीचीच.

अवघड दगडांत सर्वांत अवघड कोणता, असं विचारलं तर मी पांढऱ्या, दुधी क्वार्ट्झचं नाव घेईन. बसाल्ट निदान प्रामाणिकपणे विरोध करतो. क्वार्ट्झ फुटतो सहज, पण सांगितल्याप्रमाणे फुटत नाही. त्याच्या आत आधीच असंख्य बारीक भेगा असतात. छिलका सुटतानाच त्याचे दोन-तीन तुकडे होतात. वर त्याची चमक अशी की छिलक्याच्या खुणा डोळ्यांना नीट दिसतच नाहीत. गुण एवढाच की कठीणपणात तो मोह्‌सच्या मापावर सात, आणि ताजी धार विलक्षण तीक्ष्ण. अशा दगडासाठी जुनी युक्ती म्हणजे गोटा दगडी ऐरणीवर उभा धरून वरून सरळ ठोकायचा. बळ दोन्ही टोकांकडून येतं, कोन शोधायची गरज राहत नाही. निघालेल्या तुकड्यांतून चांगले वेचायचे. यात दगडावर पूर्ण ताबा नाही हे खरं. पण ज्याच्यावर ताबा चालत नाही त्याच्याकडूनही काम करून घेण्याची ही रीत आहे.

श्रीलंकेत मुख्य दगड हाच. तिथल्या फा-हियन लेना गुहेत ४८ ते ४५ हजार वर्षांपूर्वीची क्वार्ट्झची सूक्ष्मास्त्रं आणि हाडाची बाणटोकं मिळाली आहेत. पावसाळी जंगलात माकडं आणि खारींसारखे चपळ प्राणी मारून जगणाऱ्या लोकांची. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या सिबुडू इथे लिन वॅडली यांनी उत्खनन केलं. तिथल्या सुमारे ६४ हजार वर्षांपूर्वीच्या छोट्या क्वार्ट्झ तुकड्यांवर मार्लिझ लोम्बार्ड यांनी झीज आणि चिकटद्रव्याचे अवशेष सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि २०१०मध्ये लॉरेल फिलिपसन यांच्यासह मांडलं, की ही बाणाची टोकं होती. धनुष्यबाणाच्या जगातल्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी हा एक, आणि तो मिळाला कुणी सहज उचलून पाहणार नाही अशा पांढऱ्या कपचीवर. वॅडलींनी चिकटद्रव्यही करून पाहिलं. बाभळीच्या कुळातल्या झाडांचा नुसता डिंक वाळला की ठिसूळ होतो आणि ओल लागली की सुटतो. त्यात गेरू मिसळून शेकोटीजवळ बेताने वाळवला तर धरून राहतो. फिनलंडमध्येही चांगला फ्लिंट नाही, तिथलं अश्मयुग बरंचसं क्वार्ट्झवरच चाललं. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर क्वार्ट्झच्या गोट्यांची छोटी त्रिकोणी टोकं मिळतात; ती पाहताना ऑब्सिडियनचं लांब टोक मला सोपं वाटू लागतं.

दगडादगडांतला हा फरक घडवणाऱ्यांनाही नेमका कळत होता, याला पुरावा आहे. १९११मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलजवळ ‘याही’ नावाच्या आदिवासी लोकांपैकी एकटा उरलेला इशी बाहेरच्या जगात आला. पुढची पाच वर्षं, १९१६मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला आणि लोकांसमोर टोकं घडवीत राहिला: ऑब्सिडियनची, आणि बाटलीच्या काचेचीही. वायव्य ऑस्ट्रेलियात किम्बर्ली भागातल्या आदिवासींनी भाल्याची दातेरी टोकं बाटल्यांच्या काचेतून घडवली, इतकंच काय, तारेच्या खांबांवरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरांतूनही. नवा पदार्थ हातात येताच त्यांनी तो पारखला आणि आपल्या हाताला लावून घेतला. संशोधकांना ही पारख पुन्हा शिकावी लागली. फ्रान्समध्ये फ्रांस्वा बोर्द आणि अमेरिकेत डॉन क्रॅबट्री यांनी स्वतः दगड घडवत ती शिकून घेतली. एरेट कॅलाहन यांनी तर दगडांची घडवण्याच्या सोपेपणानुसार श्रेणीच लावली: एका टोकाला ऑब्सिडियन, दुसऱ्या टोकाला जाडसर क्वार्टझाइट आणि चिवट बसाल्ट. आपल्याकडे सांकलियांनी १९६४मध्ये अश्मयुगीन हत्यारांवर जे इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्यात आकारांच्या नावांबरोबर घडवण्याच्या तंत्राला तेवढंच महत्त्व दिलं.

क्रॅबट्रींनीच १९६४मध्ये रॉबर्ट बटलर यांच्याबरोबर आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधलं: अवघड दगड भाजला तर सोपा होतो. सगळे नाही. बसाल्ट कितीही तापवा, त्याला फरक पडत नाही. पण फ्लिंट, चर्ट, कॅल्सेडनी, सिल्क्रीट हे सिलिकाचे बारीक कणांचे दगड वाळूत पुरून, वर विस्तव करून, अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत सावकाश तापवले आणि तितकेच सावकाश निवू दिले, की त्यांच्यात अडकलेलं पाणी निघून जातं, सूक्ष्म छिद्रं मिटतात आणि कणांमधला बंध पक्का होतो. शेंगदाण्याची चिक्की मोडताना पाक मऊ असेल तर भेग दाण्याला वळसा घालून जाते, पाक कडक असेल तर दाण्यासकट आरपार तुटते; भाजलेल्या दगडात तसंच होतं. भेग कणांना वळसा न घालता त्यांच्यातून जाते, छिलका लांब आणि पातळ निघतो, फुटलेला पृष्ठभाग तुकतुकीत दिसतो. घाई केली तर मात्र दगड तडकतो आणि त्याच्या अंगावरून गोल खपल्या उडतात. दक्षिण आफ्रिकेत पिनॅकल पॉइंटच्या सिल्क्रीटवर काइल ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये दाखवलं, की ७२ हजार वर्षांपूर्वी माणसं हे सर्रास करत होती. त्याच देशातल्या ब्लोम्बोस गुहेत भाजलेल्या सिल्क्रीटवर दाबाने छिलके काढल्याच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या खुणा आहेत. भांडी भाजण्याच्या किती आधी माणूस दगड भाजत होता, हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो.

हे ज्ञान आपल्या शेजारी जिवंत आहे. गुजरातेत खंबातचे कारागीर आजही अकीक भाजतात आणि छिलके काढून मणी घडवतात. दगड येतो राजपिपळ्याजवळच्या रतनपूर भागातून, आणि तो दख्खनच्या लाव्हातूनच सुटलेला, म्हणजे आपल्याच गारगोटीचा सख्खा. मडक्यात राखेत किंवा लाकडाच्या भुशात ठेवून तो भाजतात. लोहाचा अंश असेल तर लालबुंद होतो, आणि फोडायलाही सोपा जातो. घडवायची रीत तर डोळे भरून पाहावी अशी. टोकदार लोखंडी सळई जमिनीत तिरपी रोवलेली. कारागीर तिच्यासमोर बसतो, दगडाची कड सळईच्या टोकाला टेकवतो आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच टकटक करतो. हातोडी दगडावर पडते, पण छिलका सुटतो तो सळईच्या टोकापाशी. हातोडीचा दांडा बारीक आणि लवचिक, म्हणून बळ मोजून देता येतं. दगड सारखा फिरत राहतो, छिलके पायाशी साचत राहतात, आणि हातात दोन-चार मिनिटांत मण्याचा घाट येतो. चिवट अकीकावर इतका ताबा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. मार्क केनॉयर, मास्सिमो व्हिदाले आणि कुलदीप भान यांनी खंबातच्या या कामाचा बारकाईने अभ्यास केला तो हडप्पाकालीन मणी समजून घेण्यासाठी.

पण मणी घडवून संपत नाही. तो घासावा लागतो, आणि अकीक चिवट असल्यामुळे खूप घासावा लागतो. विजेच्या मोटरवर फिरणाऱ्या कुरुंदाच्या चाकावर दगड धरला की सिलिकाची इतकी बारीक धूळ उठते की ती डोळ्यांना दिसत नाही आणि फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते. ती तिथेच राहते, भोवती व्रण होतात, श्वास आखूड होत जातो. या सिलिकोसिसला बरं करणारं औषध नाही. क्षयरोग त्याच्या मागोमाग येतो. खंबातच्या अकीक कामगारांतलं हे दुखणं वैद्यकीय संशोधनात अनेकदा नोंदलं गेलं आहे. चाक बऱ्याचदा घरातच असतं, त्यामुळे जी माणसं दगडाला हातही लावत नाहीत, त्या घरातल्या बायका-मुलांच्या आणि शेजाऱ्यांच्याही श्वासात ती धूळ जाते. इंग्लंडात सफोकमधल्या ब्रँडन गावी बंदुकीसाठी फ्लिंट फोडणारे कारागीरही याच धुळीने गेले. धूळ ओढून घेणारी यंत्रणा चाकाला बसवता येते, घासताना पाणी सोडता येतं. त्याने धूळ खूप कमी होते. पण घरात नगावर काम करणाऱ्या माणसाला तो खर्च स्वतः उचलायला लावला, तर चाक कोरडंच फिरत राहतं. दुकानात त्या मण्यांची माळ विकत घेणाऱ्याने आणि ती विकणाऱ्याने हा खर्च मण्याच्या किमतीत धरायला हवा, आणि सरकारने ही घरं कारखान्यांइतक्याच काटेकोरपणे तपासायला हवीत.